समन्स आलंय ना, मग तारखेला जा

दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकाचं पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणतात, म्हणून छापत नाही. पत्र मोठं आहे, त्यातलं कामाचं तेवढं देते:

‘ताई, २०१७ च्या जानेवारीत एका फायनान्स कंपनीकडून ८०,००० रुपये घेऊन पिठाची चक्की टाकली. २४ हप्ते, महिन्याला ४,२००. अकरा हप्ते बरोबर भरले. त्या साली पऱ्हाटीवर बोंडअळी आली, पाच एकरांत घरखर्चापुरताही कापूस झाला नाही, अन् जानेवारी २०१८ पासून हप्ता थकला. चक्कीही विकली. मधली वर्षं कोणी आलं नाही. २०२४ च्या दिवाळीत एक पोरगा मोटरसायकलवर आला. दोन हजार भरा, फाईल बंद करून देतो म्हणाला. पैसे घेतले, एका छापील कागदावर माझी सही घेतली. आता भलत्याच कंपनीनं दारव्ह्याच्या कोर्टात १,६८,४०० चा दावा टाकला. कागदावर जुलै २०२५ चा शिक्का आहे. कर्जाच्या वेळी बायकोचीही सही घेतली होती, म्हणून तिचंही नाव टाकलं. बेलीफ आला तेव्हा मी वावरात होतो, तिनं समन्स घेतलं. पानठेल्यावर सगळे म्हणतात, घ्यायचंच नव्हतं, आता जाऊ नको, काही होत नाही. तो पोरगा फोनवर म्हणतो, वॉरंट निघालं, वावर जप्त होते. सातबारा बाबांच्या नावानं आहे. घेतलेला पैसा बुडवायची नियत नाही, पण एवढे आणू कुठून? पुढच्या हंगामाचं पीककर्ज तरी मिळेल का?’

भाऊ, आधी एवढं ऐका: तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच भक्कम आहे. ती एकाच गोष्टीने जाऊ शकते, आणि ती म्हणजे पानठेल्यावरचा सल्ला.

वहिनींनी समन्स घेतलं ते योग्यच केलं. घरातल्या सज्ञान माणसाने, बाई असो की पुरुष, समन्स घेतलं तर ते तुम्हालाच मिळालं असं कायदा धरतो. घेतलं नसतं तर बेलीफाने दाराला चिकटवून तसा अहवाल कोर्टात दिला असता, आणि गावभर बोभाटा झाला असता तो वेगळा. समन्स टाळून दावा टळत नाही, फक्त तो तुमच्या मागे चालतो.

मागे चालतो म्हणजे काय ते सांगते. तारखेला तुम्ही नसलात की ‘प्रतिवादी गैरहजर, एकतर्फी चालवा’ असा आदेश होतो. मग वादीचा माणूस शपथपत्र देतो, उतारा जोडतो, उलटतपासणी घ्यायला समोर कोणी नसतं, आणि मागितलेल्या रकमेचा हुकूमनामा, म्हणजे पैसे द्या असा कोर्टाचा निकाल, होतो. तो एकदा झाला की कंपनीला तुमच्यामागे लागायला १२ वर्षं मिळतात. त्या मुदतीत ती कधीही दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, लावू शकते. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेता येतो, पण त्यासाठी ३० दिवसांत अर्ज करावा लागतो आणि गैरहजेरीचं पटेल असं कारण द्यावं लागतं. ‘मित्र म्हणाले जाऊ नको’ हे कारण कोणत्याही कोर्टात चालत नाही.

समन्स खरं आहे का, हेही बघून घ्या. हल्ली व्हॉट्सॲपवर ‘कोर्ट नोटीस’ लिहिलेले, वर तराजूचं चित्र छापलेले कागद फिरतात. ते बहुतेक वसुलीवाल्यांनी नाहीतर त्यांच्या वकिलांनी बनवलेले असतात. खऱ्या समन्सवर कोर्टाचं नाव, दाव्याचा क्रमांक, हजर राहायची तारीख, कोर्टाचा शिक्का आणि सही असते, सोबत दाव्याची प्रत असते. ई-कोर्ट्सच्या ॲपवर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की खटला दिसतो. तो नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधता येतं. बेलीफ घरी येऊन सही घेऊन गेला म्हणजे तुमचं खरंच असणार, पण बघून घ्यायला पाच मिनिटं लागतात. त्याच वेळी आणखी एक गोष्ट बघा: दावा दिवाणी आहे की फौजदारी. कर्ज घेताना कोरे चेक दिले होते का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. चेक न वटल्याचा खटला दंडाधिकाऱ्यांपुढे चालतो, तिथे हजर न राहिल्यास खरोखर वॉरंट निघतं. तुमच्या वर्णनावरून हा साधा दिवाणी पैशाचा दावा दिसतो, आणि यात पहिल्याच झटक्याला वॉरंट निघत नाही. तो पोरगा फोनवर फेकतो आहे.

आता मुदतीकडे येते, कारण तुमचा सगळा बचाव तिच्यावरच उभा आहे.

दिलेलं कर्ज कोर्टातून वसूल करायला १९६३ च्या मुदत कायद्याने साधारण तीन वर्षं दिली आहेत. जमीन किंवा घर गहाण असेल तर हिशोब वेगळा, बारा वर्षांचा. तुमच्या कर्जाला तारण नव्हतं असं धरते. बारावा हप्ता जानेवारी २०१८ मध्ये थकला, त्याचे तीन वर्षं जानेवारी २०२१ ला संपतात. मध्ये कोरोना आला. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळला. हे ७१६ दिवस होतात, म्हणजे दोन वर्षांना दोन आठवडे कमी. ते मिळवले तरी बाराव्या हप्त्याची मुदत डिसेंबर २०२२ मध्ये संपते. कंपनीचा वकील म्हणेल, प्रत्येक हप्ता वेगळा मोजा. मोजू या. चोविसावा म्हणजे शेवटचा हप्ता जानेवारी २०१९ चा. त्याचे तीन वर्षं जानेवारी २०२२, कोरोनाचे दिवस मिळवून डिसेंबर २०२३. दावा पडला जुलै २०२५ मध्ये. सगळ्यात उशिराचा हप्ता धरला तरी दीड वर्ष उशीर. कंपनीने मध्ये वकिलाची नोटीस पाठवली असेल तर म्हणतील तेव्हापासून मोजा. पण सावकाराने स्वतःच नोटीस पाठवल्याने मुदत नव्याने सुरू होत नाही, नाहीतर कोणतीच मुदत कधी संपली नसती.

मग कंपनीने दावा टाकला कशाच्या भरवशावर? दिवाळीतल्या त्या दोन हजारांच्या आणि त्या सहीच्या.

दाव्याची प्रत पुन्हा काढा. शेवटाकडे एक परिच्छेद असतो, मराठी दाव्यात ‘दाव्यास कारण’ आणि इंग्रजीत असेल तर ‘कॉज ऑफ ॲक्शन’ नावाचा. बाकीचं पान-दोन पान वाचलं नाही तरी चालेल, हा परिच्छेद वकिलाकडून शब्द न् शब्द समजून घ्या. तिथे माझ्या अंदाजाने असं काहीतरी असेल: प्रतिवादीने अमुक तारखेला २,००० रुपये भरून कर्ज मान्य केले, सबब दावा मुदतीत आहे.

यावर उत्तर असं. मुदत चालू असताना कर्जदाराने काही रक्कम भरली आणि त्याची त्याच्या हातची किंवा सहीची नोंद असली, किंवा त्याने लेखी कबुली दिली, तर त्या दिवसापासून तीन वर्षं नव्याने मिळतात. पण मुदत चालू असताना, हे महत्त्वाचं. तुमची मुदत डिसेंबर २०२३ ला संपली, तुम्ही पैसे भरले २०२४ च्या दिवाळीत. संपलेल्या मुदतीत नुसता भरणा केल्याने जीव येत नाही. म्हणजे ते दोन हजार एकटे काही करू शकत नाहीत.

कागदाचं मात्र तसं नाही. करार कायद्याच्या कलम २५ मध्ये एक वाट ठेवलेली आहे: मुदत गेलेलं कर्जसुद्धा ‘मी फेडीन’ असं लेखी वचन सहीनिशी दिलं, तर तो नवा करार होतो आणि त्यावर दावा चालतो. त्यामुळे सगळं येऊन थांबतं ते त्या छापील कागदावर काय छापलं होतं यावर. ती नुसती दोन हजारांची पावती असेल तर तुमची बाजू चांगली आहे. ‘अमुक रक्कम बाकी आहे’ एवढंच असेल तरी ती कबुली झाली, वचन नव्हे, आणि वकिलाला भांडायला जागा आहे. ‘उरलेली रक्कम अमुक दिवसांत भरीन’ असं असेल तर मात्र लढत अवघड होते. वसुलीवाले फाईल बंद करायच्या नावाखाली नेमका असाच कागद पुढे करतात. भला पोरगा, दोनच हजार घेतले, असं गावात वाटतं. त्याला दोन हजारांशी काही घेणं नसतं, त्याला सही हवी असते.

कंपनी त्या कागदावर विसंबून असेल तर तिने तो दाव्यासोबत जोडायला हवा. जोडलाय का बघा. नसेल तर वकील पहिल्याच तारखेला मागणी करतील. कागदावर फक्त तुमची सही असेल आणि वहिनींची नसेल, तर वहिनींपुरता तो कागद बिनकामाचा आहे. एका सहकर्जदाराच्या सहीने दुसऱ्याची मुदत वाढत नाही. म्हणून दोघांचा जबाब एकच ठोकळा करू नका, वहिनींचा हा मुद्दा त्यात स्वतंत्र आला पाहिजे.

पानठेल्यावरचा कोणी थोडा शिकलेला म्हणेल, मुदत गेली असेल तर न्यायाधीश स्वतःच दावा फेटाळतील, जायचं कशाला? कायद्यात तसं आहे खरं. प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी न्यायालयाने तो बघायचाच आहे. पण न्यायाधीशांपुढे असतात ते वादीने दिलेले कागद. त्या कागदांत दिवाळीची सही असेल, आणि ती कशी घेतली हे सांगायला कोणी उभं नसेल, तर त्यांनी तरी काय बघावं?

तेव्हा करायचं काय? समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी जबाब, आपल्याकडे कोर्टात कैफियत म्हणतात, ती द्यायची. कारण दाखवून ९० दिवसांपर्यंत वाढ मिळते, पण त्या भरवशावर राहू नका. समन्सवर ‘ऑर्डर ३७’ किंवा ‘समरी’ (म्हणजे झटपट निकालाचा दावा) असं लिहिलं असेल तर गोष्ट फार तातडीची आहे: दहा दिवसांत हजेरी नोंदवावी लागते आणि पुढे बचावाची परवानगी वेगळी मागावी लागते. आजच कागद काढून हे बघा.

कैफियतीत दिवाळीची हकीकत साध्या शब्दांत यायला हवी. कोण आला, कुठे बसून सही घेतली, तोंडाने काय सांगितलं, कागद वाचून दाखवला की नाही, तुम्हाला प्रत दिली की नाही, पैसे रोख घेतले की फोनवर. फोनवर घेतले असतील तर ते कोणाच्या खात्यात गेले हे तुमच्या मोबाईलमध्ये आजही सापडेल. ते कंपनीच्या खात्यात गेले नसतील, तर त्या पोराचा आणि कंपनीचा संबंध कंपनीलाच सिद्ध करू द्या.

दुसरी गोष्ट, खातेउतारा ओळीने तपासा. तुमचे ४६,२०० जमा दाखवलेत का? दिवाळीचे दोन हजार वजा केलेत का? २०१९, २०२० मध्ये कुठे ‘रोख ५००’ अशी नोंद आहे का, जी तुम्ही भरलेलीच नाही? अशी एखादी नोंद मुदत लांबवायला सोयीची असते. असेल तर ती कैफियतीत तारखेसह नाकारा. मोघम ‘दावा खोटा आहे’ म्हणून भागत नाही, कारण जी गोष्ट नेमकेपणाने नाकारली नाही ती मान्य केली असं धरता येतं. राहिलेल्या १३ हप्त्यांचे ५४,६०० होतात. ते १,६८,४०० कसे झाले, व्याज किती, दंड किती, दंडावर पुन्हा व्याज लावलंय का, हा हिशोब मागायचा तुम्हाला हक्क आहे.

तिसरं म्हणजे ही भलतीच कंपनी. थकलेली कर्जं बँका आणि फायनान्स कंपन्या ठोक भावात दुसऱ्यांना विकतात, हे कायदेशीर आहे. पण विकत घेणाऱ्याने तसा लेख दाखवला पाहिजे, आणि त्या लेखाच्या यादीत तुमचं खातं असलं पाहिजे. नुसतं ‘आम्ही घेतलं’ म्हणून चालत नाही. तुमचा मूळ करारनामाही मागा. इतक्या जुन्या फायली हस्तांतरात अर्धवट येतात, करारच सापडत नाही असंही होतं.

वकिलाचा खर्च कसा करू, हे तुम्ही लिहिलं नाही, पण मनात असणारच. दारव्ह्याच्या कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय विचारा. वहिनींना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, कारण १९८७ च्या कायद्याने प्रत्येक स्त्रीला तो हक्क आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही उत्पन्न बघितलं जात नाही. तुम्ही त्यात बसत नसाल तर महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असलं की चालतं, त्यासाठी तहसीलचा दाखला लागेल. १५१०० या नंबरवर फोन करूनही माहिती मिळते. फुकटचा वकील म्हणजे कामचलाऊ, असं समजू नका. नेमून दिलेल्यांत चांगले असतात, कंटाळलेलेही असतात, हे पैसे देऊन केलेल्या वकिलांबद्दलही खरं आहे. तारखा मात्र स्वतः वहीत लिहून ठेवा.

जप्तीचं भय तुम्हाला झोपू देत नाही, म्हणून तेही सांगते. जप्ती हुकूमनाम्यानंतर, दरखास्तीत येते, आज नाही. तेव्हासुद्धा शेतकऱ्याची औजारं, बैलं, बियाणं, तो राहतो ते घर, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी यांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने संरक्षण आहे. शेतजमिनीला मात्र असं सरसकट संरक्षण नाही, हे लपवत नाही. तुमच्या बाबतीत सातबारा वडिलांच्या नावावर आहे आणि ते हयात आहेत. जमीन त्यांनी स्वतः घेतलेली असेल तर तुमच्या कर्जासाठी तिला हात लागत नाही. वडिलोपार्जित असेल तर तुमच्या हिश्श्यापुरता वाद होऊ शकतो. याचा धसका घेऊन भावाच्या किंवा पोराच्या नावाने घाईने बक्षीसपत्र करू नका. कर्ज बुडवायला केलेलं हस्तांतर कोर्टात रद्द होऊ शकतं, आणि कोर्टापुढे तुमच्या नियतीवर डाग पडतो. तुरुंगाचं म्हणाल तर दिवाणी हुकूमनाम्यात अटक त्याचीच होऊ शकते ज्याच्याकडे पैसा असून तो देत नाही, आणि तीही त्याचं म्हणणं ऐकून. पैशाच्या हुकूमनाम्यात बाईला अटक करताच येत नाही. वहिनींना हे आधी सांगा.

‘बुडवायची नियत नाही’ असं तुम्ही लिहिलंत. या वाक्यापाशी मी थांबले, कारण मुदतीचा मुद्दा घेणं म्हणजे बेइमानी, असं आपल्याकडे पुष्कळांना वाटतं. मला तसं वाटत नाही. पैसे देणाऱ्याकडे वकील होते, कागद होते, तीन वर्षं होती आणि वरून कोरोनाची दोन. त्यांनी ती वापरली नाहीत. मग फाईल विकली, आणि घेणाऱ्याने ५४,६०० चे १,६८,४०० केले. मुदत ही काही पळवाट नाही, दोन्ही बाजूंना माहीत असलेला नियम आहे. तरीही मुद्दल तेवढं द्यावं असं तुम्हाला आतून वाटत असेल, तर द्या, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण आधी कैफियत दाखल करा, मुदतीचा मुद्दा लिहून टाका, आणि मग बोलणी करा. हात रिकामे ठेवून बोलणीला बसलात तर ते १,६८,४०० वरून खाली यायला सुरुवात करतील. मुद्दा नोंदवून बसलात तर ५४,६०० च्याही बऱ्याच खाली बोलणं सुरू होतं.

तडजोड झालीच तर कोर्टातच करा. लोकअदालतीत प्रकरण ठेवता येतं. तिथे ठरलं की ते हुकूमनाम्यासारखंच असतं, त्यावर अपील नाही, त्यामुळे झेपेल तेवढ्याच रकमेवर सही करा. हप्ते पाडून घ्यायचे तर ते कापूस-तूर विकायच्या महिन्यांना धरून मागा, दर महिन्याच्या पाच तारखेला शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतो हे कंपनीच्या वकिलाला सांगावं लागतं. पुरशिसमध्ये, म्हणजे कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या लेखात, तीन गोष्टी आल्याच पाहिजेत: एकूण रक्कम, ती भरली की दोघांविरुद्धचा सगळा हक्क संपला, आणि कंपनी क्रेडिट अहवालात (तुमच्या कर्जफेडीच्या नोंदींच्या उताऱ्यात) खातं बंद झाल्याची नोंद करील. पैसे कंपनीच्या खात्यात, रोख कोणालाच नाही.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी जाता जाता. पतसंस्थेचं कर्ज असेल तर ती बहुधा दिवाणी कोर्टात जातच नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली सहायक निबंधकांकडून वसुली दाखला घेते. ती नोटीस कोर्टाची नाही म्हणून कोपऱ्यात टाकू नका. दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध पुनरीक्षणाला जायचं तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते, तेव्हा बोलायचं ते १०१ च्या सुनावणीतच बोला. फायनान्स कंपन्या पुष्कळदा लवादाकडे, म्हणजे कोर्टाबाहेरच्या पंचाकडे, जातात, नोटीस मुंबई-चेन्नईहून येते. तिलाही उत्तर द्या, कारण लवादाचा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा वसूल होतो. लवाद कंपनीने एकतर्फी नेमला असेल तर ती हरकत घेण्यासारखी बाब आहे. आणि सावकाराने दावा लावला असेल तर पहिला प्रश्न परवान्याचा. महाराष्ट्रात विनापरवाना सावकाराच्या बाजूने कोर्ट हुकूमनामा देऊ शकत नाही.

त्या पोराचं काय करायचं? फोन आला तर एवढंच म्हणा, प्रकरण कोर्टात आहे, वकिलाशी बोला. वसुली एजंटाला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायची, धमकवायची, नातेवाइकांत-गावात बदनामी करायची मनाई रिझर्व्ह बँकेने केलेली आहे. तारीख-वेळेसह नोंद ठेवा, आधी कंपनीला लेखी तक्रार द्या, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. आणि तो दारात येऊन पुन्हा ‘दोन हजार द्या, सही करा’ म्हणाला, तर कागदाचा फोटो काढा आणि कागद त्याच्याच हातात परत द्या.

पीककर्जाबद्दल शेवटी. दावा मुदतीवर फेटाळला गेला तरी थकबाकीची नोंद क्रेडिट अहवालातून आपोआप पुसली जात नाही, कारण मुदत गेल्याने वसुलीचा दावा जातो, कर्ज झालंच नव्हतं असं होत नाही. तरी अहवालात काय लिहिलंय ते आधी बघा. कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तालुक्याच्या सेतू केंद्रावर बसणारा कोणीही पोरगा तुमच्या मोबाईलवर काढून देईल. तिथे १,६८,४०० लिहिले असतील, किंवा एकच कर्ज दोन कंपन्यांच्या नावाने दोनदा दिसत असेल, तर लगेच ऑनलाइन हरकत घ्या. ती ३० दिवसांत निकाली काढावी लागते, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. बँकेत पीककर्जाला जाताना दाव्याची प्रत आणि तुमची कैफियत सोबत न्या. शाखाधिकाऱ्याने नाही म्हटलं तर तोंडी नकारावर परत येऊ नका, कारण लेखी मागा.